शुक्रवारचं टपाल

१

"मेल तुम्हाला शुक्रवारीच पोचलाय, उत्कर्षा मॅडम. आणि तुम्ही तो दाबून ठेवलात."

सोमवारी सकाळी भाग्येश सर हे बोलले तेव्हा मीटिंगच्या खोलीत सात माणसं होती, आणि सातांपैकी एकानेही मान वर केली नाही.

उत्कर्षा माने, वय अठ्ठावीस, मूळची कराडची. तारापूरच्या या केमिकल कंपनीत दोन वर्षं सेफ्टी ऑफिसर. शनिवारी सकाळी पावणेनऊला शेड दोनच्या रिअॅक्टरमध्ये दाब वाढला, तो सोडायचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडलाच नाही, पाइपचा जोड सुटला आणि शेडभर गॅस पसरला. मासवणकडचा चिंतू नावाचा ठेक्यावरचा हेल्पर मास्क चढवून गॅसची चावी बंद करायला आत धावला. चावी त्याने बंद केली, पण तो स्वतः अजून पालघरच्या इस्पितळात ऑक्सिजनवर होता.

आणि आता कळत होतं ते भलतंच. पालघरचा शैलेश, बाहेरून येऊन व्हॉल्व्ह तपासणारा, त्याने गुरुवारीच तो व्हॉल्व्ह पाहिला होता. "व्हॉल्व्ह अडकलाय, रिअॅक्टर चालू करू नका," असा मेल त्याने शुक्रवारी सकाळी उत्कर्षाला पाठवला होता. अपघातानंतर त्याने तोच रिपोर्ट सगळ्यांना पुन्हा पाठवला, तेव्हा कंपनी हादरली.

"सर, मला तो मेल आलाच नाही," ती कशीबशी म्हणाली.

"आला नाही?" प्रॉडक्शन मॅनेजर भाग्येश सर हसले. हा माणूस चिडला की आवाज चढवत नाही, उलट गोड करतो, आणि तेच जास्त वाईट. "फोटोतली स्प्रिंग गंजून लाल झालेली आंधळ्यालासुद्धा दिसली असती. तुम्ही बघितलं नाहीत, एवढंच. बुधवारी सरकारी चौकशी आहे. काय ते त्यांना सांगा. आणि दोन वाजता शेड दोनची साफसफाई सुरू होतेय, अकरा माणसं आत जाणार. त्यांना आत सोडायच्या परमिटवर तरी वेळेत सही करा."

उत्कर्षा जागेवर येऊन बसली. कॉम्प्युटरवर तिने शैलेशचं नाव शोधलं. गुरुवारचा एक मेल होता, शनिवारी दुपारचा होता. शुक्रवारचा नव्हता. कचऱ्यात नाही, कुठेच नाही. चिंतू गेला तर आपल्याला बेड्या पडतील, हा विचार तिच्या डोक्यात आला. कराडला आईला कुणी कसं सांगेल हे, तिला सुचेना. मग तिने एक नंबर लावला.

२

समिधा संखे उमरोळीहून स्कूटरवर अर्ध्या तासात आली. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या पाच-सहा कंपन्यांचे मेल सर्व्हर ही एकटी बाई सांभाळते. चाळिशीची, बोलायला फटकळ. कुणी "मॅडम, मेल चालत नाही" म्हटलं की ती आधी "चालत कुठून येणार, त्याला पाय आहेत का?" असं विचारते आणि मगच कामाला लागते. आज मात्र उत्कर्षाचा चेहरा पाहून तिने तेवढंही विचारलं नाही.

"रडू नकोस. रडून मेल परत येत नाही. सरक."

तिने खुर्ची ओढली. पेटी भरलीय का? नाही, अर्धी रिकामी. नको असलेल्या मेलांत जाऊन पडलाय का? नाही. कुणी परस्पर दुसरीकडे वळवायची सोय करून ठेवलीय का? तीही नाही. पासवर्ड काय?

उत्कर्षा ओशाळली. "नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सगळ्यांचा तसाच आहे. मी आले तेव्हापासून."

"छान. दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगलीय," समिधा म्हणाली आणि सर्व्हरची नोंद उघडून बसली. कोणता मेल कधी आला, कुणी कधी नेला, सगळं त्यात लिहिलेलं असतं. थोड्या वेळाने तिचं बोट पडद्यावर थांबलं.

"हे बघ. सर्व्हर म्हणजे तुझी पत्रपेटी समज. तुझा हा कॉम्प्युटर पेटी उघडतो, पत्राची नक्कल घेतो आणि मूळ पत्र चौदा दिवस पेटीतच ठेवतो. तशी सेटिंग आहे त्याची. पण शैलेशचं पत्र कुणीतरी उचललं आणि पेटीत काहीच ठेवलं नाही. म्हणजे ते या कॉम्प्युटरने उचललेलं नाही."

उत्कर्षाच्या जिवात जीव आला. "मग सांगा ना सगळ्यांना!"

"थांब. नेणाऱ्याने तुझंच नाव आणि तुझाच पासवर्ड दिलाय. आणि तो बाहेरचा नाही. याच कंपनीच्या इंटरनेटवरून नेलाय, शुक्रवारी सकाळी दहा बावीसला." समिधाने चष्मा काढला. "शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. कंपनी बंद. तू घरीच असशील."

आग विझवायच्या पंपाची महिन्याची चाचणी सुट्टीच्या दिवशीच घ्यावी लागते. शुक्रवारी ती एकटीच आली होती. गेटच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: आत दहा पाच, बाहेर दहा पन्नास.

३

"मी ऑफिसात पाऊलसुद्धा ठेवलं नाही, ताई. मागे पंपाकडे गेले आणि तशीच परत निघाले."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

समिधा पुन्हा पडद्याकडे वळली, आणि उत्कर्षा आणखी घाबरली. ही बाईसुद्धा आपल्यावर विश्वास ठेवत नसेल तर? पण समिधा गेल्या चार महिन्यांची नोंद चाळत होती. चाळता चाळता तिने कागदावर तारखा लिहिल्या आणि तो उत्कर्षापुढे सरकवला.

"हा एकच मेल गेलेला नाही. असे चौतीस गेलेत. तुझ्या कॉम्प्युटरने नक्कल घ्यायच्या आधीच, पेटीत काही न ठेवता उचललेले. वार बघ."

उत्कर्षाने मोबाइलवर कॅलेंडर काढलं. शुक्रवार. शुक्रवार. पुन्हा शुक्रवार. चौतीसच्या चौतीस शुक्रवारचे. म्हणजे चार महिने दर शुक्रवारी कुणीतरी तिच्या नावाने इथे येत होतं.

"शुक्रवारी इथे येतं कोण?"

"गेटवर रामकिसनकाका. कॉम्प्युटर बघायला कधीकधी नीलेश. आणि भाग्येश सर जवळजवळ दर शुक्रवारी येतात, प्लांट बघायला."

नीलेशला बोलावलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या हाताखालून जातात, सगळ्यांचे पासवर्ड त्याला पाठ. बिचारा दारातूनच कानावर हात ठेवत आला. "मी नाही हां मॅडम. या शुक्रवारी मी डहाणूला साखरपुड्याला होतो. फोटो आहेत."

"फोटो ठेव तुझ्यापाशी," समिधा म्हणाली. "हा कॉम्प्युटर नवा दिसतोय. हिचा आधीचा कुठे गेला?"

"तो दिवाळीनंतर भंगारात दिला."

"भंगाराची पावती दाखव."

नीलेशने आधी पावती शोधायचं नाटक केलं, मग खाली बघितलं, मग पुन्हा उत्कर्षाकडे बघितलं. तो खोटं बोलतोय हे लहान पोरालाही कळलं असतं. समिधाने त्याला बसवून ठेवलं आणि शैलेशला फोन लावला. स्पीकरवर.

"मेल पाठवलास, ठीक. पण एवढी गंभीर गोष्ट, फोन का नाही केलास?"

"ताई, केला असता ना! पण मेल वाचल्याची पोच आली मला. शनिवारी सकाळी सात एक्केचाळीसला. मी निर्धास्त झालो." शैलेशचा आवाजही रडवेला होता. "मला काय ठाऊक असं होईल!"

"आणि अपघातानंतर सगळ्यांना पाठवलास तो हाच मेल?"

"नाही, तो प्रवासात होतो म्हणून मोबाइलवरून पाठवला. फोटो फार जड होते, जाईनात. नुसता रिपोर्ट गेला. फोटो फक्त पहिल्या मेलात."

समिधाने फोन ठेवला. उत्कर्षाला काहीतरी खटकलं होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं. तेवढ्यात घड्याळात पावणेदोन झाले. ती खाली गेली, शेड दोनपाशी अकरा माणसांना कपाटातले गॅस मास्क वाटले, परमिटवर सही केली. माणसं आत गेली. ती धापा टाकत परत आली तेव्हा नीलेशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सांग तिला," समिधा म्हणाली.

"मॅडम, भंगारात नाही दिला. तो... तो गेटवर आहे."

४

या कंपनीत एक रीत आहे. साहेबांना नवा कॉम्प्युटर आला की साहेबांचा जुना खालच्याला, खालच्याचा स्टोअरला, स्टोअरचा वजनकाट्यावर. फेकायचं काही नाही. आणि पुढे देताना आधीचं पुसायचं असतं, ते कुणी पुसत नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा! उत्कर्षाचा जुना कॉम्प्युटर स्टोअरने हळू चालतो म्हणून नाकारला आणि तो सरळ गेटच्या केबिनमध्ये जाऊन बसला. नीलेशने पुसायचं काम टाळलं होतं आणि ते लपवायला भंगाराची थाप मारली होती.

गेटवरचे रामकिसनकाका परभणीकडचे, बारा वर्षं इथेच. तिघं केबिनमध्ये शिरताच ते उभे राहिले. टेबलावर कॉम्प्युटर होता, बंद. इंटरनेटची वायर भिंतीतून निघून हजेरीच्या मशीनला लावलेली, जिथे सगळे बोट टेकवतात ते मशीन.

"वायर एकच आहे?" समिधाने विचारलं.

"एकच हाय."

"मग कॉम्प्युटरला इंटरनेट कधी मिळतं?"

काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मॅडम, माझी नोकरी जाईल बघा."

"काका, माझी तर तुरुंगात जायची वेळ आलीय," उत्कर्षा म्हणाली, आणि तिला इतका वेळ आवरलेलं रडू आलंच.

तेव्हा म्हातारा बोलला. शुक्रवारी हजेरी नसते. मग हजेरीच्या मशीनची वायर काढून ते कॉम्प्युटरला लावतात आणि दिवसभर जुने सिनेमे बघतात. एवढाच गुन्हा. परवाच्या शुक्रवारी मॅडम आल्या म्हणून ते थांबले होते. मॅडम मागे पंपाकडे वळल्या, तशी त्यांनी वायर लावली.

"दहा बावीसला," समिधा म्हणाली. तिने वायर काढली, कॉम्प्युटरला लावली, बटण दाबलं. मशीन घरघरलं. पडदा उजळला आणि मेलाचा प्रोग्राम कुणी हात न लावता आपोआप उघडला. नाव उत्कर्षाचं. पासवर्ड आत भरलेला. "या जुन्याची सेटिंग जुनीच आहे. वायर लागली की हा पेटी उघडतो आणि असेल ते सगळं घेऊन येतो. मागे काही ठेवत नाही. आमच्या सर्व्हरला वाटतं, तूच आलीस."

म्हणजे चोर नव्हताच! चार महिने तिच्या नावाने येणारा कुणी म्हणजे सिनेमा बघणारा एक म्हातारा आणि एक विसराळू पोरगा.

पण समिधा हसत नव्हती. "तुला न मिळालेले तेहेतीस मेल यादीत आहेत. सगळे न उघडलेले. शैलेशचा इथे नाही." तिने पुसलेल्या मेलांचा कप्पा उघडला. तिथे एकच मेल होता. शैलेशचा, लाल खुणेचा, उघडून वाचलेला. आणि खाली गंजलेल्या स्प्रिंगचे तीन फोटो.

"काका, शनिवारी सकाळी सात एक्केचाळीसला हा कुणी वाचला?"

रामकिसनकाकांच्या हातातली टोपी गोल गोल फिरायला लागली.

५

"कुणी वाचला हे मीच सांगते," उत्कर्षा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी शनिवारी बसने आले. बोट टेकवलं तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती, मशीनमध्ये असेल. तेव्हा वाचणारी मी नाही. नीलेश नऊला येतो. आणि आज सकाळी मीटिंगमध्ये एक माणूस गंजलेल्या स्प्रिंगच्या फोटोबद्दल बोलला. सगळ्यांना आलेल्या मेलात फोटो नव्हतेच. फोटो फक्त इथे आहेत, या केबिनमध्ये."

काकांनी मान हलवली. "लाल खूण दिसली शनिवारी सकाळी, वायर काढायच्या आधी. म्हटलं, मॅडमचं टपाल दिसतंय, काहीतरी अर्जंट हाय. भाग्येश साहेब गाडीतनं उतरले, त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं. म्हणले, 'मी सांगतो मॅडमला, तुम्ही कुठं बोलू नका, वायरीचं कळलं तर घरी जाल.' मी नाही बोललो. पोरी, म्या नाही बोललो..." आणि म्हातारा खुर्चीत बसून ढसाढसा रडायला लागला.

समिधाने आतल्या फोनवरून भाग्येश सरांना बोलावून घेतलं. सर आले, पडद्यावरचा मेल बघितला, रामकिसनकाकांकडे बघितलं. एक क्षणभर चेहरा उतरला. मग आवाज पुन्हा गोड झाला.

"माल आज निघायचा होता. असे रिपोर्ट दर महिन्याला येतात, दरवेळी प्लांट बंद करतो का आपण? म्हटलं, एक बॅच काढू, मग व्हॉल्व्ह बदलू. आणि या वॉचमनचं कोण ऐकणार?"

"वॉचमनचं नको ऐकायला," समिधा म्हणाली. "मशीनने वेळ लिहून ठेवलीय, शैलेशला पोच गेलीय, आणि फोटोंचं तुमच्याच तोंडून सात जणांनी ऐकलंय. पुसायचं बटण दाबलं की मेल जातो असं वाटलं ना तुम्हाला? तो नुसता बाजूच्या कप्प्यात जातो, साहेब."

सर काहीतरी बोलत होते, पण उत्कर्षाचं तिकडे लक्ष नव्हतं. सुटल्याच्या आनंदात ती बाकीचे तेहेतीस मेल खाली-वर करत होती. लग्नाची आमंत्रणं, जाहिराती, आग विझवायच्या बाटल्यांचं कोटेशन. आणि तीन आठवड्यांपूर्वीचा एक, गॅस मास्क पुरवणाऱ्याचा. तिने तो उघडला आणि दोनदा वाचला.

'मागील महिन्यात दिलेल्या मास्कच्या फिल्टर डब्या सदोष निघाल्या आहेत. गॅस अडत नाही. कृपया वापरू नका, बदलून देतो.'

त्या डब्या कपाटातल्या मास्कना लावलेल्या होत्या. ते मास्क घालून अकरा माणसं शेड दोनमध्ये होती. परमिटवर सही तिची होती.

ती धावली. मागून भाग्येश सर ओरडले, "काम थांबवायचं नाही हां! कोणाच्या परवानगीने?" तिने वळूनही बघितलं नाही. भिंतीवरची काच फोडून भोंग्याचं बटण दाबलं आणि शेडच्या दारात उभी राहून जीव तोडून हाका मारत सुटली. "बाहेर या! सगळे बाहेर! बाहर आओ, जल्दी!" एक आला. तिघं आले. दोघं खोकत, एकमेकांना धरून. ती बोटं मोजत होती. सात. नऊ. दहा. अकरावा येईना. ती श्वास रोखून आत शिरणार तोच झाडू ओढत एक पोरगा बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, डोळे लई चुरचुरतायत." तिने त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि नळाखाली नेलं.

संध्याकाळी समिधाने दोन कागद छापून तिच्या हातात दिले. एक शैलेशचा मेल, सगळ्या वेळांसकट. दुसरा मास्कवाल्याचा.

"पहिल्याने तू सुटतेस," समिधा हळू म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात फटकळपणा नव्हता. "दुसरा कुणी मागितलेला नाही. अजून कुणाला माहीतही नाही. चिंतूच्या तोंडावर कुठला मास्क होता?"

"कपाटातलाच. मीच दिला होता."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. मंगळवारी सकाळी ती पालघरच्या इस्पितळात गेली. चिंतूची बायको सोमी दाराबाहेरच्या बाकावर बसली होती, दोन दिवसांची न जेवलेली.

"पहाटं डोलं उगडलं त्याने," सोमी म्हणाली. "पयला शब्द काय बोलला ठाव हाय? मास्क मी घट्ट बांदला व्हता, म्हणतो. ठेकेदार आमाला सांगून गेला, त्याने मास्क नीट घातलाच नाय, म्हणून भरपाई नाय. मी म्हटलं, तू बांदला असशील रं, पन आमचं कोन ऐकतं?"

उत्कर्षाच्या हातात दोन्ही कागद होते. तिला भीती वाटत होती, कालच्यापेक्षा जास्त. तरी ती सोमीशेजारी बसली.

"त्याने बांधला होता, सोमीताई. मास्कच खराब होता. मला कळवलं होतं, ते माझ्यापर्यंत आलं नाही. पण मास्क दिला मीच."

सोमीने पदराने तोंड पुसलं आणि तिच्याकडे बघितलं. रागावेल, ओरडेल, अंगावर येईल, उत्कर्षाने सगळ्याची तयारी केली होती.

"उद्या त्या चौकशीच्या सायबांसमोर हे असंच सांगशाल?"

"सांगेन. कागदच देणार आहे."

"मंग पयले आत जा," सोमी उठून दार ढकलत म्हणाली. "त्याला सांग. पहाटंपासनं त्यो सोताला दोस देतो हाय, आपलंच कायतरी चुकलं म्हनून."